मॅन्युअल लॉकिंग हब: बसवण्याआधी हे वाचा

नाशिककडच्या फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देऊ शकणाऱ्या) गाडीची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. निफाड-दिंडोरीची काळी माती भिजली की बागेपर्यंतचा शेवटचा अर्धा किलोमीटर अवघड होतो. पेठ-सुरगाण्याकडच्या कच्च्या चढांवरही तीच गत. पण वर्षातले बहुतेक दिवस हीच गाडी डांबरावर, फक्त मागच्या चाकांच्या जोरावर पळत असते. मॅन्युअल हबचा उपयोग या बाकीच्या दिवसांसाठी आहे.

हब नेमका काय करतो

पुढच्या चाकाच्या मध्यभागी जो डायल दिसतो, त्याच्या आत दातेरी सरकती रिंग असते. डायल ‘लॉक’वर फिरवला की ती सरकून अ‍ॅक्सल शाफ्टच्या टोकाला चाकाशी जोडते. ‘फ्री’वर आणला की रिंग सुटते. मग चाक नुसते आपल्या बेअरिंगवर फिरते आणि अ‍ॅक्सल शाफ्ट, पुढचा डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा संच), पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (तिथपर्यंत ताकद नेणारा दांडा) हे सगळे उभे राहतात. महायुद्धानंतर लष्कराच्या जीप सामान्य लोकांच्या हाती आल्या, तेव्हा 1948 मध्ये अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी असे हब बनवायला घेतले ते याचसाठी.

यातून यूजे क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला फिरता भाग), सील आणि बेअरिंगची झीज कमी होते, स्टिअरिंग थोडे हलके लागते, आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टमुळे वेगात थरथर येत असेल तर ती थांबते. डिझेल-पेट्रोलही वाचते, पण थोडेच. टायरमध्ये हवा कमी ठेवली तर तेवढे सहज उडून जाते. केवळ मायलेजसाठी हब बसवायचे असतील तर आमचा सल्ला आहे, बसवू नका.

कोणत्या गाडीला चालतात

जुनी जीप, जिप्सी अशा पार्ट-टाइम (गरजेपुरतीच चारही चाके जोडणाऱ्या) फोर बाय फोर गाड्यांना चालतात. चारही चाकांना कायम ताकद देणाऱ्या, मध्ये सेंटर डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या बाजूंत ताकद वाटणारा) असलेल्या गाडीला बसवू नयेत. तिथे पुढचे हब फ्री केले की इंजिनची ताकद मोकळ्या फिरणाऱ्या शाफ्टकडे पळते आणि गाडी जागची हलत नाही. वॉरंटीतल्या गाडीचे हब बदलण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचून घ्या.

ऑटो हब बिघडले म्हणून बदलताय? आधी नळी तपासा

ऑटो हब खाली न उतरता आपोआप लॉक होतात. त्यातले व्हॅक्यूमवर (नळीतली हवा ओढून) चालणारे हब लॉक होत नाहीत, तेव्हा दोष नेहमी हबमध्येच असतो असे नाही. रबरी नळी कुठे तरी चिरलेली असते, सांध्यातून निसटलेली असते किंवा चाकाजवळचे सील हवा सोडत असते. हातपंपाने नळीत व्हॅक्यूम भरून एक मिनिट थांबायचे. काटा खाली आला तर गळती आहे. नळी किंवा सील बदलून काम भागत असेल तर आम्ही तेवढेच करतो.

काही यांत्रिक ऑटो हबची अडचण वेगळी आहे. ते चाकावर येणाऱ्या जोराच्या दिशेवर चालतात. घाटात फोर-लोमध्ये (चारही चाके, कमी वेग आणि जास्त जोर) इंजिनवर गाडी उतरवताना जोर उलटा होतो, आणि झिजलेला हब नेमका तेव्हा क्षणभर सुटू शकतो. सुटून परत पकडताना ‘कट-कट-कट’ असा आवाज येतो. हा आवाज येत असताना उतार उतरू नका. अशा गाडीला मॅन्युअल हब बसवणे योग्य, असे आमचे ठाम मत आहे.

तुमच्या घरात गाडी कोण चालवते?

हा प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारतो. मॅन्युअल हबला खाली उतरून, दोन्ही बाजूंना जाऊन, हाताने डायल फिरवावा लागतो, आणि तोही चिखलात शिरण्याआधी. गाडी रुतल्यावर डायल चिखलाखाली जातो आणि बोटांना सापडत नाही. गाडी तीन-चार जणांच्या हातात असेल आणि त्यातल्या एखाद्याला हबची माहिती नसेल, तर तो लिव्हर फोर-हायला (चारही चाके, नेहमीचा वेग) टाकेल, दिवा लागलेला पाहील आणि चारही चाके लागली असे समजून पुढे जाईल. दिवा लिव्हरची स्थिती दाखवतो. हब फ्री आहे की लॉक, हे त्याला कळत नाही.

वापरताना

डांबर संपण्याआधी गाडी उभी करा, दोन्ही डायल लॉकवर न्या, मग लिव्हर फोर-हायला टाका. डायल पूर्ण फिरला नाही तर पक्कड लावू नका, त्याने डायलची कड तुटते. दाते समोरासमोर अडलेले असतात; गाडी हातभर पुढे-मागे घ्या, रिंग आपोआप बसेल.

काढताना आधी टू-हाय (फक्त मागची चाके), मग सरळ रेषेत दोन-तीन मीटर मागे, आणि मग डायल फ्रीवर. मागे घेतल्याने शाफ्टमध्ये अडकलेला ताण सुटतो.

हब लॉक ठेवून टू-हायमध्ये डांबरावर चालवले तर नुकसान नाही. पावसाळ्यात मळ्यावर रोज जाणे असेल तर चार महिने हब लॉकच ठेवा. कोरड्या डांबरावर फोर-हाय मात्र नको. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, मध्ये ते सामावणारे काही नसते, आणि सगळा ताण यूजे क्रॉस आणि ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) येतो.

एक हब लॉक आणि दुसरा फ्री, असे कधीही ठेवू नका. फोर-हायमध्ये डिफरन्शियल सगळी गती मोकळ्या बाजूच्या शाफ्टला देतो आणि पुढचे एकही चाक ओढत नाही. टू-हायमध्ये डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर सतत फिरून झिजतात. हब फ्री ठेवून फोर-लो लावणेही चूक. सगळा जोर एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर जातो.

बसवताना आम्ही काय करतो

आधी शाफ्टचे दाते आणि हबचे बोल्ट मोजतो. एकाच मॉडेलमध्येही बोल्ट कधी 5, कधी 6 निघतात, म्हणून नावावरून हब मागवत नाही. जुना हब उतरवल्यावर चाक हलवून बेअरिंगची ढिलाई पाहतो. ढिले असेल तर आधी ते काम, कारण हलणाऱ्या चाकावर नवा हबही टिकत नाही.

पृष्ठभाग साफ करून नवे गॅस्केट लावतो. शाफ्टच्या टोकात बोल्ट घालून तो बाहेर ओढतो आणि सर्कलिप (शाफ्टला जागेवर धरणारी कडी) खाचेत पूर्ण बसली हे बोटाने फिरवून पाहतो. झाकण बसवताना डायल फ्रीवर असतो. बोल्ट समोरासमोर, टॉर्क रेंचने, हबच्या कागदावर दिलेल्या मापाला आवळतो. बोल्ट ढिला राहिला की घट्ट धरलेल्या पृष्ठभागांचे काम एकट्या बोल्टच्या दांड्यावर येते आणि तो कापला जातो. म्हणून 100 किलोमीटर झाल्यावर गाडी परत आणा. आवळण्याचे पैसे घेत नाही.

व्हॅक्यूमचे हब काढले तर त्यांच्या नळ्या टोपी लावून बंद करतो. उघड्या राहिल्या आणि ब्रेक बूस्टर त्याच पंपावर असला तर ब्रेक पेडल जड होते.

शेवटी पुढची दोन्ही चाके उचलून तपासणी. फ्रीवर चाक फिरवले की शाफ्ट उभा राहिला पाहिजे, लॉकवर चाकाबरोबर फिरला पाहिजे. ही तपासणी तुमच्यासमोर करतो.

देखभाल

हबमध्ये ग्रीसचा फक्त पातळ थर हवा. ठासून भरले तर रिंग सरकत नाही, आणि ‘हब खराब आहे’ म्हणून आलेल्या गाडीत अनेकदा एवढेच निघते. गाडी धुताना प्रेशरचा फवारा डायलवर धरू नका. ओढ्यातून गाडी गेली असेल तर झाकण उघडून पाहा. ग्रीस दुधी दिसले की आत पाणी गेले. साफ करून ओ-रिंग बदला. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा हब लॉक करून टू-हायमध्ये 15-20 किलोमीटर चालवा, म्हणजे पुढच्या डिफरन्शियलचे तेल वरच्या बेअरिंगपर्यंत पोचते.

गाडीत एक सर्कलिप, तिची पक्कड, दोन जादा बोल्ट आणि योग्य मापाचा पाना ठेवा. हब आत तुटला तर दोन्ही डायल फ्रीवर आणून टू-हायमध्ये गाडी हळू घरी आणता येते. तुटलेला तुकडा अडकून डायल फिरत नसेल तर झाकण उघडून तो आधी काढावा लागतो.

गाडी दाखवायला आणताना आरसी बुक आणि आधी हब किंवा बेअरिंगचे काम केले असल्यास त्याचे बिल सोबत आणा. बेअरिंग ठीक असतील तर दोन्ही हबचे काम अर्ध्या दिवसात होते.