गाडीतलं ओलं पोतं

श्रावणात गुहागरहून पुण्याला परतलो. दुसऱ्या दिवशी गाडीचं दार उघडताच आई म्हणाली, "अरे, ओलं पोतं ठेवलंयस का कुठे?" पोतं नव्हतं. डिकीत एक ओली छत्री सापडली, ती काढली, तरी वास जाईना. मग सगळे करतात तेच मीही केलं. मोगऱ्याच्या वासाची डबी आणून डॅशबोर्डला चिकटवली. पुढचे दोन दिवस गाडीत ओल्या पोत्यात गुंडाळलेला मोगरा दरवळत होता.

कुबट वास हा बुरशी आणि जिवाणूंचा उच्छ्वास असतो म्हणा ना. धूळ, केस, सांडलेला चहा, चिवड्याचे कण असं जे मिळेल ते पचवताना ते हवेत उडून जाणारी काही द्रव्यं सोडतात. त्यातलं एक ऑक्टेनॉल. अळंबीचा वास ज्याचा, तेच हे. गुरांच्या श्वासातही ते असतं आणि डासांच्या काही जाती त्यावर भुलतात, म्हणून डास पकडायच्या सापळ्यांत ते वापरलं जातं. दुसरं द्रव्य जिओस्मिन. याचं बारसं 1965 साली झालं. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू ते बनवतात, काही बुरश्याही बनवतात. एका लिटर पाण्यात जेमतेम 10 नॅनोग्रॅम असलं, तरी माणसाच्या नाकाला ते कळतं. पहिल्या पावसाच्या मृद्‌गंधात याचाच मोठा वाटा. अंगणात ज्याचा आपण छाती भरून श्वास घेतो, तेच गाडीत आलं की नाक मुरडतो!

बुरशीची बीजं सगळीकडेच असतात, त्यांना आपण थोपवू शकत नाही. त्यांना रुजायला लागतं पाणी. तेव्हा वासाच्या मागे न लागता पाणी कुठून येतंय ते बघायचं. गाडीत ते एसीच तयार करतो. 30 अंश तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त 30 ग्रॅम बाष्प धरून ठेवते. 5 अंशांना तिला 7 ग्रॅमसुद्धा पेलत नाही. पावसाळ्यातली दमट हवा डॅशबोर्डमागच्या थंडगार कुलिंग कॉइलवरून गेली, की न पेलणारं बाष्प पाणी होऊन पत्र्यांवर जमतं. ते एका रबरी नळीतून गाडीखाली ठिबकतं. उभ्या गाडीखाली दिसतं ते थारोळं हेच. गाडी बंद केली की कॉइल ओलीच राहते, आणि काळोख, ऊब, धूळ यांच्या सोबतीला रात्रभर निवांतपणा. सकाळी ब्लोअर लावला की पहिला झोत थेट तिथून येतो. दहा मिनिटांनी वास गेल्यासारखा वाटतो, पण त्यात बराचसा भाग आपल्या नाकाच्या सरावण्याचा. मध्येच गाडीत बसलेल्या माणसाला विचारून बघा.

माझ्या गाडीचं दुखणं मात्र आणखी पुढचं होतं. मेकॅनिकने चावी हातात घेतली आणि म्हणाला, "साहेब, आधी तो सेंट काढा, काही कळत नाही." मग क्लीनर-साइडची मॅट उचलून त्याने गालिच्यावर तळवा दाबला. बोटांच्या फटींतून पाणी वर आलं. खालचा जाड फेल्ट स्पंजासारखा तुडुंब. "नळी चोक झालीय. पाणी आत उतरतंय." गाडीखाली शिरून त्याने नळीत तार सरकवली, तशी आधी चिखलाची गुठळी आली आणि मागोमाग पाण्याची धार. ही तपासणी घरीही करता येते. पावसाळ्यात सपाट जागी गाडी उभी करून पंधरा-वीस मिनिटं एसी चालवा. गाडीखाली थेंबही पडला नाही, तर संशय नळीवर.

बाकीचं काम कष्टाचं आहे, अवघड नाही. फेल्ट काढून उन्हात खडखडीत वाळवायचा. नुसती गाडी काचा लावून उन्हात ठेवली तर पाणी वाफ होऊन आतच राहतं आणि रात्री पुन्हा काचांवर, गालिच्यावर उतरतं. दारं उघडीच हवीत. ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर बदलायचा; माझ्या फिल्टरमध्ये कुजलेली पानं निघाली. कॉइलसाठी मिळणारा खास फेस वापरावा. ब्लीच नको, ते ॲल्युमिनियम खातं.

खायच्या सोड्याबद्दल फार सांगितलं जातं. सांडलेलं दूध आंबलं असेल तर तो उपयोगी, कारण आम्लाला तो मारतो. ऑक्टेनॉल आणि जिओस्मिन ही रसायनशास्त्राच्या भाषेत अल्कोहोलं. सोडा त्यांच्या वाटेला फारसा जात नाही. सक्रिय कोळसा बरा. त्याच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांचं क्षेत्रफळ शेकडो चौरस मीटर भरतं आणि वासाचे रेणू तिथे अडकतात. शेगडीतला कोळसा म्हणजे तो नव्हे. शिवाय फेल्ट ओला असेल तर कोणताही कोळसा पुरा पडत नाही.

आता मी सोसायटीच्या अलीकडच्या चौकातच एसी बंद करतो आणि ब्लोअर मोठा करून बाहेरची हवा आत घेतो. घर येईपर्यंत कॉइल बरीच सुकते. मागच्या सीटवरून आई रोज विचारते, "बंद का केलास रे? उकडतंय."