वजनाच्या ऑपरेशनचा क्लेम: बीएमआय पस्तीसच्या वर, तरी नकार का येतो?

गेली काही वर्षं मी रुग्णांचे विम्याचे कागद लावून देते. गुडघे, मोतीबिंदू, अँजिओप्लास्टी, सगळं पाहिलं. पण बेरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या, सर्जरीइतके नकार मी दुसऱ्या कुठल्याही ऑपरेशनला येताना पाहिलेले नाहीत. त्यातले बरेचसे टाळता आले असते. माणूस बॅग घेऊन ॲडमिट व्हायला येतो तेव्हा उशीर झालेला असतो. जो कागद हवा असतो तो सहा महिने आधी तयार व्हायला हवा होता, आणि आज तो मागच्या तारखेने कुणी देऊ शकत नाही. कुणी देतो म्हणालं तरी घेऊ नका, खोट्या कागदावर सबंध पॉलिसी जाते.

डॉक्टरांचं माप वेगळं, विम्याचं वेगळं

सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. आपल्याकडच्या लोकांना कमी वजनातच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, म्हणून भारतीय सर्जन बराच काळ ३७.५ बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग), किंवा सोबत आजार असतील तर ३२.५, हे माप धरत आले. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी ते आणखी खाली आणलं आणि आशियाई लोकांना २७.५ च्या पुढे ऑपरेशनचा विचार करता येईल असं म्हटलं. त्यामुळे बीएमआय ३३ आणि मधुमेह असलेल्या बाईंना सर्जन ‘तुम्ही पात्र आहात’ म्हणतात, आणि ते वैद्यकीयदृष्ट्या खरंच असतं.

विम्याचं कलम मात्र निराळं आहे. विमा नियामक इर्डाने २०१९ मध्ये न भरण्याच्या खर्चांच्या कलमांचा मजकूर ठरवून दिला. त्यात लठ्ठपणाच्या ऑपरेशनचं कलम आहे, पॉलिसीत ते ‘एक्सक्ल ०६’ या कोडखाली सापडेल. त्यानुसार डॉक्टरांचा सल्ला हवा, ऑपरेशन वैद्यकीय प्रोटोकॉलला धरून हवं, वय १८ पूर्ण हवं आणि बीएमआय ४० किंवा जास्त हवा. ३५ ते ४० मध्ये असाल तर सोबत चारपैकी एक गंभीर आजार हवा: लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह. आणि वजन कमी करायचे साधे उपाय आधी करून फसलेले असायला हवेत.

यादी पुन्हा वाचा. तीत रक्तदाब नाही, गुडघेदुखी नाही, पीसीओएस नाही, फॅटी लिव्हर नाही, मूल होत नाही हेही नाही. ‘मला बीपी आहे, पाठीची दुखणी आहेत, एवढं पुरे ना?’ असं विचारणाऱ्यांना ‘नाही’ सांगताना फार वाईट वाटतं, कारण त्यांचा त्रास खरा असतो. पण बीएमआय ३५ ते ४० असेल तर या चारांपैकी एक कागदावर सिद्ध व्हावंच लागतं. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत अटी सैल असू शकतात, मात्र तिथे या ऑपरेशनसाठी वेगळी रकमेची मर्यादाही असू शकते. एचआरकडून पॉलिसीची पूर्ण प्रत मागून घ्या, नुसत्या माहितीपत्रकावर थांबू नका.

उंची

वजनाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, उंचीकडे कुणाचंच नसतं. वजन ९० किलो आणि उंची १६० सेंटिमीटर असेल तर बीएमआय ३५.२ येतो. उंची १६२ लिहिली तर तोच ३४.३ होतो आणि क्लेम दारातूनच परत जातो. सर्जनच्या कागदावर एक, आहारतज्ज्ञांच्या कागदावर दुसरी आणि ॲडमिशन फॉर्मवर तुम्ही तोंडी सांगितलेली ‘पाच फूट चार इंच’ अशी तिसरी उंची मी एकाच फाईलमध्ये पाहिली आहे. पहिल्याच भेटीत चप्पल काढून भिंतीच्या पट्टीवर उंची मोजून घ्या आणि पुढे प्रत्येक कागदावर तोच आकडा आहे ना, हे स्वतः बघा.

पस्तीस गाठायला वजन वाढवू नका. हे मला वारंवार सांगावं लागतं. साखर आणि यकृतावरची चरबी वाढवून ऑपरेशनला जाणं म्हणजे भूल देणाऱ्या डॉक्टरांचं काम आणि तुमचा धोका दोन्ही वाढवणं. उलटी भीतीही लोकांना असते. ऑपरेशनआधी एक-दोन आठवडे यकृत लहान व्हावं म्हणून द्रव आहार देतात, त्यात वजन उतरतं, मग बीएमआय खाली गेला तर? त्यासाठी आहार सुरू होण्याआधीचं वजन तारीख, सही आणि शिक्क्यासह नोंदलेलं असू द्या. आहार टाळू नका, तो सर्जनला हवा असतो.

कुणाकडेच नसतो तो कागद

‘साधे उपाय फसले’ हे तीन शब्द सगळ्यात जास्त लोकांना अडवतात. ज्या बाईने पंधरा वर्षं उपास, चालणं, योगवर्ग, काढे, एकभुक्त राहणं सगळं केलंय, तिच्याकडे दाखवायला एक कागद नसतो. जिमची पावती असलीच तर तिच्यावर वजन नसतं. या प्रयत्नांचा किमान काळ इर्डाच्या मजकुरात दिलेला नाही, म्हणून प्रत्येक टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) आपापल्या परीने क्वेरी काढतो. मला हे अन्यायाचं वाटतं, पण ते आज बदलणार नाही, आणि तुमचं ऑपरेशन त्यासाठी थांबू नये.

तेव्हा ऑपरेशनचा विचार मनात आला त्याच महिन्यात एकाच फिजिशियनकडे किंवा आहारतज्ज्ञाकडे नियमित जायला लागा. दर भेटीत केस पेपरवर वजन, दिलेला आहार, औषध आणि तारीख लिहून घ्या. सहा महिने असे गेले तर फाईल पुष्कळ भक्कम होते. वजन कमी करण्याची इंजेक्शनं घेतली असतील, माउंजारो किंवा वेगोवी, तर प्रिस्क्रिप्शन, बिलं आणि ती का थांबवली याची डॉक्टरांची नोंद जपा. व्हॉट्सॲपवर आलेला डाएट चार्ट पुरावा म्हणून चालत नाही.

‘आटोक्यात नसलेला’ आणि ‘तीव्र’

मधुमेहाच्या बाबतीत एक विचित्र प्रकार घडतो. ज्याने इन्सुलिन वेळेवर घेऊन, पथ्य पाळून साखर काबूत ठेवली, त्याचा एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर) चांगला येतो आणि टीपीए म्हणतो, मधुमेह आटोक्यात आहे. इथे नुसता शेवटचा रिपोर्ट देऊन भागत नाही. मागच्या दीड-दोन वर्षांचे रिपोर्ट आणि औषधं कशी वाढत गेली हे दाखवणारी मधुमेहतज्ज्ञांची चिठ्ठी लावा.

स्लीप ॲप्नियाचंही तसंच. ‘खूप घोरतात, दिवसा पेंगतात’ हे घरच्यांचं सांगणं खरं असलं तरी रात्रभराची स्लीप स्टडी लागते, आणि तीत तासाला ३० किंवा जास्त वेळा श्वास अडखळत असेल तरच आजाराला ‘तीव्र’ म्हणतात. रिपोर्टवर हा आकडा आणि ‘सिव्हिअर’ हा शब्द दोन्ही आहेत ना, बघून घ्या. बऱ्याच पॉलिसींत ॲडमिशनआधीचा खर्च ३० किंवा ६० दिवसांचाच धरलेला असतो. चार महिने आधी केलेल्या तपासणीचे पैसे म्हणून परत मिळत नाहीत, पण रिपोर्ट उपयोगी पडतोच.

प्रतीक्षा कालावधी आणि पॉलिसी घेतानाचा फॉर्म

आधीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षा, म्हणजे त्यांचा क्लेम मिळू लागेपर्यंतचा काळ, एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने करण्यात आली, त्याआधी ती ४८ होती. ती मोजायची पहिल्या पॉलिसीच्या सुरुवातीच्या तारखेपासून, आणि मध्ये नूतनीकरण तुटलेलं नसावं. ‘तिसरी पॉलिसी चालू आहे’ म्हणजे तीन वर्षं झाली असं नव्हे, तिसरी सुरू होते तेव्हा दोनच पूर्ण झालेली असतात. मधे विम्याची रक्कम वाढवली असेल तर वाढीव रकमेची प्रतीक्षा त्या दिवसापासून नव्याने मोजतात. दुसऱ्या कंपनीत पोर्ट केलं असेल तर जुनी वर्षं धरली जातात, फक्त जुन्या पॉलिसीच्या प्रती हाताशी ठेवा.

आता नाजूक मुद्दा. पॉलिसी घेताना फॉर्मवर उंची आणि वजन विचारलेलं असतं. पुष्कळदा तो एजंट भरतो, ‘ताई, ७० टाकतो, उगाच मेडिकल लागेल’ म्हणतो, आणि आपण सही करतो. चार वर्षांनी ११० किलोचा क्लेम आला की कंपनी तोच फॉर्म पुढे ठेवते. साठ महिने अखंड पॉलिसी चालली असेल तर माहिती लपवल्याचा आक्षेप घेता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. त्याआधीचे असाल तर तो फॉर्म आजच मागवून वाचा. चूक दिसली तर ॲडमिशनच्या टेबलावर ती उघडी पडण्याआधी लेखी कळवा.

असाच घात करणारी दुसरी जागा म्हणजे हॉस्पिटलचा हिस्टरी शीट. शिकाऊ डॉक्टर विचारतात, ‘शुगर कधीपासून?’ आपण सहज म्हणतो, ‘असेल दहा वर्षं.’ मधुमेह खरा तीन वर्षांपूर्वी निघाला असला तरी कागदावर दहा येतं, आणि पॉलिसी चार वर्षांची असली तर आजार लपवल्याचा ठपका बसतो. पहिला रिपोर्ट बघून, आठवून, नेमकं सांगा. लिहिलेलं वाचायला मागा, तो तुमचा हक्क आहे.

नावाचंही बघा. आधारवर सासरचं नाव, पॉलिसीत माहेरचं आणि स्लीप स्टडीवर नुसतं पाळण्यातलं, अशा फाईली दर महिन्याला येतात. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातल्या नावबदलाची प्रत आधीच जोडा.

ऑपरेशन करायचं का, हे आधी

कागदांच्या घाईत हे मागे पडू देऊ नका. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा मोठा भाग कायमचा काढतात, तो परत जोडता येत नाही. आम्लपित्त, छातीत जळजळ जास्त असेल तर स्लीव्हनंतर ती वाढू शकते, म्हणून आधी एंडोस्कोपी होते आणि कधी सर्जन जठराचा बायपास (हृदयाचा नव्हे) सुचवतात. बायपासनंतर लोह, कॅल्शियम, बी१२ जन्मभर घ्यावं लागतं, स्लीव्हनंतरही जीवनसत्त्वं सुटत नाहीत. पहिले काही आठवडे द्रव आणि मऊ आहार, मग रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं. घरी शाकाहार असेल तर ती कुठून येणार, हे पनीर, सोयाबीन, डाळी, प्रोटीन पावडर असं आहारतज्ज्ञांसोबत बसून ठरवा. स्त्रियांनी पुढचे १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते. घरात लग्नाचं, मुलाचं बोलणं चालू असेल तर हे सासरच्यांनाही माहीत असावं.

मानसोपचारतज्ज्ञांच्या भेटीला लोक बिचकतात, ‘मला वेडं ठरवतील का?’ तसं काही नसतं. ताणात खाणं होतं का, दारू किती, नैराश्याचं औषध चालू आहे का, हे मोकळेपणी सांगा. लपवलेलं पुढे तुमच्याच तब्येतीवर येतं. धूम्रपान किमान काही आठवडे आधी थांबवावंच लागतं.

प्री-ऑथ आणि नकारानंतर

बाकीच्या पायऱ्या सरळ आहेत. ॲडमिशनच्या दोन-तीन दिवस आधी टीपीए डेस्कवर प्री-ऑथचा, म्हणजे आधी मंजुरी मागण्याचा, फॉर्म, पॉलिसी, आधार, पॅन आणि रिपोर्ट द्यायचे. इर्डाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसचा निर्णय एका तासात अपेक्षित आहे, पण क्वेरी आली की वेळ जातो, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी फाईल पाठवू नका. मंजुरी आली तरी रकमेकडे बघा. या ऑपरेशनमध्ये स्टेपलर (जठर कापून टाके घालणारं साधन) आणि त्याची काडतुसं हा मोठा खर्च असतो, तो पॅकेजमध्ये धरलाय का हे लेखी विचारा. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि महागडी खोली घेतली तर इतर बऱ्याच खर्चांतही त्या प्रमाणात कपात होते.

कॅशलेस नाकारला म्हणजे क्लेम संपला असं समजून कित्येक जण थांबतात. तसं नाही. पैसे भरून ऑपरेशन करून नंतर परताव्याचा क्लेम टाकता येतो, पॉलिसीत लिहिलेल्या मुदतीत. तोही नाकारला तर कारण आणि कलम लेखी मागा, ते देणं कंपनीवर बंधनकारक आहे. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. त्यांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत, गोव्याची प्रकरणं मुंबईकडे येतात. ५० लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, वकील लागत नाही, अर्ज मराठीतून हाताने लिहिला तरी चालतो. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत तो पोचला पाहिजे. सोबत नकाराचं पत्र, पॉलिसी, तक्रारीची पोच आणि ते सहा महिन्यांचे केस पेपर जोडा.