स्टॅटिन आणि उतारवयातील लघवीचा त्रास

स्टॅटिन हा रक्तातील कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांचा गट आहे. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एका विकराला या गोळ्या आवर घालतात. जपानचे अकिरा एंदो यांना या जातीचे पहिले द्रव्य १९७०च्या दशकात बुरशीत सापडले. अमेरिकेत लोव्हास्टॅटिनला मान्यता मिळाली ती १९८७ मध्ये. आता ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन जास्त चालतात.

ज्या वयात ही गोळी सुरू होते, त्याच वयात पुरुषांची मूत्रमार्गाभोवतीची प्रोस्टेट ग्रंथी वाढू लागते. मग धार बारीक होते, थांबून थांबून होते, रात्री दोन-तीनदा उठावे लागते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे आजोबा हे सांगताना ‘एकीला’ म्हणतात, आणि शेजारचा कन्नड म्हातारा ‘ओंदक्के’. दोन्हीचा अर्थ एकच, आणि संकोचही सारखाच. डॉक्टर कन्नड असोत की मराठी, बोलणे गुडघेदुखीपासून सुरू होते आणि खरी तक्रार निघताना दारात बाहेर पडते.

दोन्ही गोष्टी एका वयात आल्या की गोळीवर आळ येतो. रात्री जेवणानंतर गोळी, तिच्यावर पेलाभर पाणी, दोन वाजता जाग. यात दोष बहुधा पाण्याचा. शिवाय ॲटोर्व्हास्टॅटिन रात्रीच घ्यावी असे नाही. सिमव्हास्टॅटिनचा असर लवकर ओसरतो, म्हणून ती रात्री देतात. आळ घ्यायचाच तर आधी रक्तदाबाच्या गोळीचे पाकीट पाहावे. त्यात लघवी वाढवणारे औषध अनेकदा जोडलेले असते. रक्तदाबाच्याच ॲम्लोडिपिन या गोळीने पाय सुजले, तर ते पाणी आडवे झाल्यावर लघवीवाटे उतरते. मधुमेहाची साखर आणि संध्याकाळचा तिसरा चहा हेही आहेतच.

उलट दावाही झाला. अमेरिकेतल्या ओल्मस्टेड काउंटीतील सुमारे अडीच हजार पुरुषांच्या दीर्घ निरीक्षणात स्टॅटिन घेणाऱ्यांना हा त्रास कमी आढळला. पण औषध घेणारा माणूस एरवीही तब्येत सांभाळतो, हे निरीक्षणातून पुरते वेगळे काढता येत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साडेतीनशे पुरुषांपैकी काहींना २६ आठवडे ८० मिलिग्रॅम ॲटोर्व्हास्टॅटिन आणि बाकीच्यांना बिनऔषधी गोळी दिली. लक्षणांत फरक पडला नाही. म्हणून लघवीसाठी स्टॅटिन सुरू करणे व्यर्थ, आणि लघवीच्या भीतीने परस्पर बंद करणे हृदयाशी खेळ.

स्टॅटिनने रक्तातील पीएसए (प्रोस्टेटच्या तपासणीत मोजतात ते प्रथिन) थोडे उतरते, तेव्हा प्रोस्टेटच्या तपासणीवेळी ही गोळी चालू असल्याचे सांगावे. आणखी एक गोंधळ: काही कॅप्सूलमध्ये स्टॅटिनसोबत ॲस्पिरिन असते, त्यामुळे स्टॅटिनलाच ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात, पण गुठळी रोखण्याचे काम ॲस्पिरिनचे. अंग ठणकून लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर मात्र प्रोस्टेटचा विचार करत बसू नये. क्वचित स्टॅटिनने स्नायू झिजून मूत्रपिंडाला इजा होते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.