रेष दिसली म्हणजे प्रोटीन्स चिकटली असं नाही

स्ट्रिंग डेटाबेसमध्ये (कुठल्या प्रोटीनचा कुठल्या प्रोटीनशी संबंध आहे ते दाखवणारी साइट) बॅक्टेरियाचं एखादं ट्रान्सपोर्टर प्रोटीन, म्हणजे पेशीच्या आत-बाहेर पदार्थ नेणारं प्रोटीन, टाकलं की प्रोटीन्सचे गोल ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा येतात, आणि पहिल्यांदा बघणारा (मी पण त्यातलाच) सरळ धरून चालतो की रेष आहे म्हणजे ही दोघं एकमेकांना जाऊन चिकटतात. तर नाही. रेष एवढंच सांगते की संबंध आहे. आता हा संबंध नुसता कामापुरता असू शकतो, किंवा खरोखर अंगाला अंग लागलेला.

ई. कोलाय या बॅक्टेरियातली माल्टोज नावाची साखर आत घेणारी सिस्टीम बघा. या बॅक्टेरियाला दोन मेम्ब्रेन (आवरणं) असतात, एक आतलं, एक बाहेरचं. मॅल-एफ आणि मॅल-जी ही प्रोटीन्स आतल्या मेम्ब्रेनमध्ये बसलेली, त्यांना खालून, म्हणजे पेशीच्या आतल्या, सायटोप्लाझमच्या बाजूने, मॅल-केच्या दोन प्रती चिकटलेल्या, त्या एटीपी (पेशीचं इंधन) तोडून पंप चालवतात. हा झाला प्रत्यक्ष संबंध, त्याचं क्रिस्टल स्ट्रक्चरच (प्रयोगातून मिळालेली थ्री-डी रचना) आहे. आणि लॅम-बी? त्याचा जीन मॅल-केच्या त्याच ऑपेरॉनमध्ये (एकत्र वाचल्या जाणाऱ्या शेजारच्या जीन्सचा गट), दोघं बरोबरच तयार होतात, पण लॅम-बी बसतो बाहेरच्या मेम्ब्रेनमध्ये. मधे अख्खा पेरिप्लाझम, म्हणजे दोन मेम्ब्रेनमधली जागा! भेटणार कुठे? तरी रेष येते, आणि ती चूक पण नाही, कारण काम एकच आहे, साखर आत आणायची.

याच्या उलट गंमत एक्र-बी आणि टॉल-सीची. टॉल-सीचा जीन एक्र-ए, एक्र-बीच्या ऑपेरॉनमध्ये नाहीच, जीनोमवर दुसरीकडेच आहे, पण तिघं मिळून आतल्या मेम्ब्रेनपासून बाहेरपर्यंत सलग पाइप बनवतात आणि अँटिबायोटिक बाहेर फेकतात. म्हणजे नुसतं जीन शेजारी आहेत का बघत बसलात तर दोन्हीकडे फसाल.

स्ट्रिंग प्रत्येक रेषेला ० ते १ मधला जो स्कोअर देतं, त्याचंही तेच. ०.९ म्हणजे घट्ट चिकटलेत असं नव्हे, संबंध खरा असण्याची खात्री जास्त, बस. पावसाची शक्यता ९० टक्के म्हणजे मुसळधार पडणार असं थोडीच असतं!

स्ट्रिंगमध्ये फक्त फिजिकल नेटवर्क दाखवायची सोय आहे, ती लावा, पण तिथेही रेषेचा अर्थ ‘एकाच कॉम्प्लेक्समध्ये’, म्हणजे प्रोटीन्सच्या एकाच जुडग्यात, असा आहे, थेट स्पर्श असेलच असं नाही. माल्टोज पकडून आणणारा मॅल-ई वरून पेरिप्लाझममधून येऊन टेकतो, मॅल-के खाली, कॉम्प्लेक्स एकच, पण त्या दोघांची गाठ पडत नाही. मग बरेच जण अल्फाफोल्ड मल्टिमरकडे (प्रोटीन्स एकमेकांना कशी जुळतील याचा अंदाज करणारा एआय प्रोग्राम) वळतात, आणि ते चांगलंच आहे, फक्त मेम्ब्रेन कुठेय हे त्याला आपण सांगितलेलंच नसतं, त्यामुळे कधीकधी मेम्ब्रेनच्या लिपिडमध्ये (चरबीत) बुडायला हवा तो भागच दुसऱ्या प्रोटीनला चिकटवून मोकळं होतं. म्हणून मी तरी आधी कोण कुठल्या मेम्ब्रेनमध्ये आणि कुठल्या बाजूला तोंड करून बसलाय हे तपासतो, आणि स्कोअर नंतर बघतो.