लिनक्सचे चार टक्के नेमके कशाचे?

मार्च 2024 मध्ये लिनक्सप्रेमींनी एक बातमी मोठ्या आनंदाने फिरवली: संकेतस्थळांचा वापर मोजणाऱ्या स्टॅटकाउंटर या कंपनीच्या फेब्रुवारीच्या आकडेवारीनुसार डेस्कटॉप संगणकांत लिनक्स या विंडोजसारख्या संगणकप्रणालीचा वाटा 4.03 टक्क्यांवर पोहोचला होता. भारतापुरता पाहिला तर हाच वाटा दहा टक्क्यांच्याही वर दिसत होता. मीही लिनक्सचा चाहता आहे. तरीही शंभरातले चार संगणक लिनक्सवर चालतात, असा या बातमीचा अर्थ लावणे चूक आहे.

स्टॅटकाउंटर संगणक मोजत नाही. त्यांचा छोटा कोड लाखो संकेतस्थळांवर बसवलेला असतो आणि तो उघडलेली पाने मोजतो. दिवसात दोनशे पाने उघडणारा एक विद्यार्थी आणि दोन पाने उघडणारे शंभर कारकून इथे सारखेच भरतात. बँकेतला किंवा कारखान्यातला जो संगणक कधी इंटरनेटवर येतच नाही, तो हिशेबातच नाही.

खरी मजा पुढे आहे. समोरचा संगणक विंडोजवर चालतो की लिनक्सवर, हे त्या कोडला कळते कसे? ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत स्वतःची ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो. तिला यूजर एजंट म्हणतात. ही ओळ कोणी तपासत नाही. ब्राउझर सांगेल ते खरे मानायचे. नव्वदच्या दशकात काही संकेतस्थळे नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझरलाच चांगली पाने देत, म्हणून इतर ब्राउझरही आपली ओळख नेटस्केपसारखी ‘मोझिला’ अशी सांगू लागले. आजही क्रोम, सफारी, एज या सर्वांची ओळ ‘मोझिला’नेच सुरू होते.

विंडोज 7 असेल तर या ओळीत ‘विंडोज एनटी 6.1’ येते, विंडोज 8 साठी 6.2, विंडोज 10 साठी 10.0. आणि विंडोज 11 साठी? पुन्हा 10.0च. मॅकचा आकडा 10.15.7 वर थांबवलेला आहे, मग प्रणाली कितीही नवी असो. 2019 पासून आयपॅडवरचा सफारी बहुधा आपण मॅक असल्याचेच सांगतो. आकडे गोठवण्यामागे जुनी संकेतस्थळे बिघडू नयेत हे एक कारण आहे. दुसरे कारण खासगीपणाचे: ओळख जितकी तपशीलवार, तितका एकेका माणसाचा माग काढणे सोपे. क्रोम आणि एजमध्ये आता वेगळी सोय आहे. सर्व्हरने मुद्दाम विचारले तर ब्राउझर प्लॅटफॉर्मची आवृत्ती कळवतो. ती 13 किंवा त्यापुढची असेल तर विंडोज 11 समजायचे. फायरफॉक्स हे उत्तर देत नाही.

आता लिनक्सकडे या. अँड्रॉइड फोनवर क्रोममध्ये ‘डेस्कटॉप साइट’ हा पर्याय निवडला, की फोन आपली ओळख चक्क लिनक्स डेस्कटॉप अशी देतो. नुसती ओळ वाचणाऱ्या मोजणीला तो संगणकच वाटणार. आपल्या देशात फोन किती आणि संगणक किती, हे लक्षात घेता भारतातल्या त्या मोठ्या वाट्याबद्दल मला दाट शंका आहे. दशांश चिन्हापुढे दोन अंक दिसले की मापन अचूक असणार असे मानणे ही सुशिक्षितांची अंधश्रद्धा आहे.

विक्रीचे आकडे यापेक्षा भक्कम असतात का? मार्च 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने पहिल्याच महिन्यात विंडोज व्हिस्टाचे 2 कोटींहून अधिक परवाने विकल्याचे जाहीर केले. त्यात संगणक कंपन्यांना विकलेले परवाने होते, आधी संगणक घेतलेल्यांना दिलेली अपग्रेडची कूपनेही होती. शिवाय व्हिस्टाच्या बिझनेस आवृत्तीच्या परवान्यावर आधीची विंडोज एक्सपी चालवायची मुभा होती. म्हणजे विक्री व्हिस्टाची आणि वापर एक्सपीचा.

नमुना सर्वेक्षणेही घसरतात. 2017 च्या उत्तरार्धात संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीमच्या सर्वेक्षणात विंडोज 7 आणि चिनी भाषेचा वाटा अचानक फुगला. सायबर कॅफेतले ग्राहक जास्तीचे मोजले गेले होते. 2018 मध्ये स्टीम चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने ही चूक दुरुस्त केली.

मला सर्वांत आवडते ती फेडोरा या लिनक्सच्या एका प्रकाराची पद्धत. 2020 पासून फेडोराची प्रणाली अद्ययावत माहिती मागवताना आठवड्यातून एकदा ‘मला मोजा’ अशी खूण जोडते. त्या खुणेत फक्त प्रणाली किती जुनी आहे त्याचा 1 ते 4 असा गट जातो: पहिला आठवडा, पहिला महिना, पहिले सहा महिने की त्याहून जास्त. यंत्राला ओळखक्रमांक नाही, त्यामुळे माग काढता येत नाही. चाचणीपुरती बसवून लगेच पुसलेली प्रणाली पहिल्याच गटात राहते, रोजच्या वापरातली चौथ्यापर्यंत पोहोचते, आणि इंटरनेटशिवाय चालणारी मात्र इथेही सुटते.