स्टुअर्टांचं रक्त १७१४ मध्ये संपलं का?

‘ब्रिटनची राणी ॲन १७१४ मध्ये गेली, स्टुअर्टांचा स्कॉटिश राजवंश बुडाला आणि गादीवर उपरा जर्मन बसला’ असं सर्रास सांगितलं जातं. अर्धंच खरं. पहिला जॉर्ज हॅनोव्हरचा होता, पण त्याची आई सोफिया ही स्कॉटलंडचा सहावा आणि इंग्लंडचा पहिला जेम्स याची नात, म्हणजे त्याच्या आईची, शिरच्छेद झालेल्या स्कॉटलंडच्या कॅथलिक राणी मेरी स्टुअर्टची पणती.

धर्माची कलाटणी जेम्सच्या बालपणातच दिसते. १५६६ च्या डिसेंबरात स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगला त्याचा बाप्तिस्मा कॅथलिक पद्धतीने, थाटामाटात झाला. पुढच्या जुलैत आईला गादी सोडायला लावून त्याच गावात तेरा महिन्यांच्या या पोराला राजा केलं. या वेळी विधी प्रोटेस्टंट आणि प्रवचन प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन नॉक्सचं!

जेम्सची मुलगी एलिझाबेथ जर्मनीत दिली. तिची मुलगी सोफिया. इंग्लंडच्या १७०१ च्या कायद्याने गादीचा वारसा सोफियाच्या प्रोटेस्टंट वंशाला दिला आणि रक्ताने जवळचे पन्नासहून अधिक कॅथलिक नातलग बाजूला सारले. ॲनचा सावत्र भाऊही त्यातच. म्हणजे तुटली ती पुरुषवंशाची प्रोटेस्टंट शाखा. मुलींकडून आलेलं नातं वंशावळीत कुणी मोजायलाच तयार नसतं, गोंधळ तिथेच होतो.

आजचा राजा तिसरा चार्ल्सही मेरीचाच वंशज. तिला मृत्युदंड देणारी इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ मात्र निपुत्रिक गेली.