मोठी पिन काढली की हमिंग का जातं?

गणपती जवळ आले की सोलापुरात ऑर्केस्ट्रावाल्यांची धांदल सुरू होते, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जुनाच सल्ला नव्याने फिरू लागतो. बेस गिटारच्या ॲम्पमधून ‘घूंऽऽ’ येत असेल तर थ्री-पिन टॉपची मोठी, म्हणजे अर्थिंगची, पिन काढून टाका, नाहीतर तिला चिकटपट्टी गुंडाळा. सल्ला देणारा खोटं बोलत नाही. पिन काढल्यावर आवाज बऱ्याचदा खरंच जातो. म्हणूनच हा सल्ला मरत नाही. त्यापायी माणूस मात्र मरू शकतो.

पिनेकडे येण्याआधी तो आवाज नीट ऐकायला हवा. आपल्याकडची वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. बेसची सर्वांत जाड तार मोकळी वाजते 41.2 हर्ट्झवर आणि तिच्या तिसऱ्या फ्रेटवरचा (दांड्यावरच्या तिसऱ्या पट्टीवरचा) जी हा स्वर आहे 49 हर्ट्झचा. म्हणजे विजेचं हमिंग हा जवळजवळ जी, थोडा चढा. तार नीट सुरात लावा, हमिंग चालू असताना हा जी हळू छेडा आणि धरून ठेवा. आवाज सेकंदाला एकदा फुगून ओसरताना ऐकू येईल. 50 वजा 49 म्हणजे 1, हेच ते शाळेत शिकलेले विस्पंद. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची असल्यामुळे तिथलं हमिंग ए-शार्प आणि बी यांच्यामध्ये कुठेतरी लटकतं. तिथले व्हिडिओ पाहून इथे स्वर शोधणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं.

आता बारीक जी तार मोकळी छेडा. ती 98 हर्ट्झची. तिच्याशी सेकंदाला दोन विस्पंद आले आणि जाड तारेवरचा संथ, एकेरी विस्पंद सापडलाच नाही, तर हमिंग 100 हर्ट्झचं आहे. हा फरक महत्त्वाचा, कारण 50 आणि 100 यांचे गुन्हेगार वेगळे. ॲम्पमधले चार डायोड विजेच्या लाटेचा खालचा अर्धा भाग उलटून वर आणतात, म्हणून त्यांच्यापुढे सेकंदाला 100 उंचवटे येतात. दोन उंचवट्यांमधला खड्डा भरून काढायचं काम कपॅसिटरचं. सोलापूरकराला वेगळं सांगायला नको: नळाला पाणी सतत येत नसलं तरी घरातली धार चालू राहते ती गच्चीवरच्या टाकीमुळे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकत जातो तशी ही टाकी लहान होते आणि पुरवठ्यातले चढउतार थेट स्पीकरपर्यंत पोचतात. तापमान 10 अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा ठोकताळा आहे. मे महिन्यात खोलीतच 40 अंश असतील तर बंद डब्यात काय असेल, याचा हिशेब करा. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही हमिंग तेवढंच राहिलं तर संशय इथे घ्यावा, आणि ॲम्प दुरुस्तीला द्यावा. घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक असतो.

उरलं 50 हर्ट्झचं हमिंग. त्यातला पहिला संशयित खुद्द गिटार. सिंगल-कॉइल पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेली तांब्याची तार, आणि अशा वेटोळ्याला तारेचं कंपन कुठलं, ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र कुठलं, हे कळत नाही. गिटार गळ्यात तशीच ठेवून स्वतःभोवती हळूहळू वळा. एका दिशेला आवाज पडत असेल तर चोर पिकअपमध्येच आहे. 1957 साली फेंडर या गिटार कंपनीने आपल्या ‘प्रिसिजन बेस’ गिटारच्या पिकअपचे दोन तुकडे केले आणि ते उलटसुलट जोडले. बाहेरचं हमिंग दोन्हींत विरुद्ध येतं आणि आपसांत कटतं.

पिकअप निर्दोष, ॲम्प एकटा चालवला तर शांत, आणि मिक्सरला, म्हणजे सगळ्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राला, जोडताच घूं, असं असेल तर तो ग्राउंड लूप. विजेचा इतका देखणा खोडसाळपणा मला दुसरा माहीत नाही.

मंडपात ॲम्पचा प्लग स्टेजमागच्या बोर्डात असतो आणि मिक्सरचा समोर, प्रेक्षकांच्या बाजूच्या बोर्डात. दोन्ही बोर्डांची अर्थिंगची वायर शेवटी एकाच ठिकाणी जाते. मग ॲम्पच्या लाइन-आउटमधून मिक्सरपर्यंत साधी जॅकची वायर टाकली जाते. तिच्या आत सिग्नलची एक तार, तिच्याभोवती तांब्याची जाळी, आणि ती जाळी दोन्हीकडे बॉडीला, म्हणजे अर्थलाच जोडलेली. झालं वर्तुळ पूर्ण: ॲम्प, जाळी, मिक्सर, त्याची अर्थिंग, बोर्ड, दुसरी अर्थिंग, परत ॲम्प. मंडपाएवढं एकाच वेढ्याचं वेटोळं.

फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलं की वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र बदललं की त्यात व्होल्टेज निर्माण होतं. वेटोळं 20 मीटर लांब आणि सरासरी 1 मीटर रुंद धरू. क्षेत्रफळ 20 चौरस मीटर. लायटिंगच्या केबलींमुळे तिथे 1 मायक्रोटेस्लाचं क्षेत्र आहे असं समजू. पृथ्वीचं क्षेत्र याच्या सुमारे चाळीसपट, पण ते स्थिर असल्यामुळे निरुपद्रवी. आपलं मात्र सेकंदाला 50 वेळा उलटसुलट होतंय. 2 गुणिले पाय गुणिले 50 गुणिले एक दशलक्षांश गुणिले 20, उत्तर सुमारे 6 मिलिव्होल्ट. वेटोळ्याचा एकूण रोध ओहमच्या आसपास असल्यामुळे काही मिलिॲम्पिअर प्रवाह फिरू लागतो. जाड अर्थिंगपेक्षा बारीक जाळीचा रोध जास्त, म्हणून व्होल्टेजचा मोठा वाटा जाळीच्या दोन टोकांमध्ये पडतो. आणि मिक्सर सिग्नल मोजतो तो जाळीच्याच संदर्भाने! संदर्भच हलला तर मोजमापही हलणार. लाइन-आउटचा सिग्नल 1 व्होल्टच्या घरात धरला तर 6 मिलिव्होल्ट क्षुल्लक वाटतात, पण गाणं संपून निवेदक बोलायला उभा राहिला की तेच मंडपभर ऐकू येतात. भरीला दोन्ही बोर्डांच्या अर्थिंगवरून इतर उपकरणांचे गळती-प्रवाह वाहत असतात. तेही याच जाळीतून वाट काढतात.

मोठी पिन काढली की हे वर्तुळ तुटतं. हमिंग जातं ते म्हणून.

पण आता ॲम्पच्या लोखंडी बॉडीला अर्थ मिळतोय तो फक्त जॅकच्या जाळीतून. आत फेज सुटून बॉडीला टेकला आणि मिक्सरकडे जाणारा हा जॅकही निसटला, की बॉडीवर 230 व्होल्ट. तिथून गिटारच्या वायरीतून ब्रिजवर, म्हणजे तारा टेकतात त्या धातूच्या पट्टीवर, आणि तिच्यावरून तारांवर. हात तारांवर, ओठ अर्थ असलेल्या माइकवर, अंग घामाने ओलं. शरीराचा रोध हजार ओहम धरला तर 230 मिलिॲम्पिअर, आणि जीव वाचवण्यासाठी बसवलेला आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा स्विच) 30 मिलिॲम्पिअरलाच तुटावा असा बनवलेला असतो. 1972 साली वेल्समधल्या स्वॉन्झीत लेस हार्वी हा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावून स्टेजवरच गेला. आपल्या प्लगची ती पिन लांब ठेवली आहे ती उगाच नाही. प्लग घालताना अर्थ सर्वांत आधी जुळावा आणि काढताना शेवटी सुटावा, म्हणून.

वर्तुळ तोडायचंच तर सिग्नलच्या बाजूने तोडा. ॲम्प आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायच्या डीआय बॉक्स नावाच्या छोट्या डबीवर ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटण असतं, ते जाळी सोडवतं आणि विजेची अर्थिंग जिथल्या तिथे राहते. ट्रान्सफॉर्मरचा डीआय असेल तर उत्तमच, सिग्नल चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, मध्ये तारेचा संबंधच नाही. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावर घेणं. अर्थात त्या बोर्डाच्या तिसऱ्या भोकामागे खरोखर वायर आहे ना, हे वायरमनकडून आधी तपासून घ्या. काड्यापेटीची काडी खुपसून उघड्या तारा अडकवलेले बोर्ड मंडपात आजही दिसतात, आणि तिथे अर्थिंगचा विषयच नसतो.

ॲम्पला लिंबू-मिरची बांधलेलीही पाहिली आहे. ती निदान स्वस्त असते. ‘ऑक्सिजनमुक्त तांब्याची’ म्हणून भारी दरात विकली जाणारी केबल मात्र खिसा कापते. साध्या तांब्यापेक्षा तिची वाहकता जेमतेम एखादा टक्का जास्त, आणि लूप त्या तांब्यातूनही तितक्याच आनंदाने फिरतो.

बाकीचे आवाज साधे. नॉब फिरवताना खर्र-खर्र होत असेल तर आत धूळ आहे. यंत्रमागाच्या शेजारी घर असेल तर टॉवेलचे तंतूही. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून नॉब दहा-वीस वेळा इकडून तिकडे फिरवावा. लायटिंगचा डिमर मध्यावर असताना ‘झर्रर्र’ आणि पूर्ण उघडल्यावर शांतता, तर दोष डिमरचा. तो लाट मधेच कापतो आणि त्या धारदार कडेतून उंच स्वर निघतात. आणि एखाद्याच स्वराला काहीतरी थडथडत असेल, तर तो स्वर कुणाला तरी वाजवत ठेवायला सांगून कॅबिनेटची जाळी, हँडल, मागचे स्क्रू एकेक दाबून पाहा. कधी कधी थडथडतं ते ॲम्पवर ठेवलेलं चहाच्या कपांचं तबक असतं.